पुढे घे

ता. ३, सोमवार
सकाळचे साडेदहा

प्रिय आक्का,

तुझ्या लांबटांग्याचा नमस्कार. आम्ही दोघं इकडे ठीक. तुझ्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे ते कळव. जिन्याची चढउतार कमी कर असं मी चार वर्षं सांगतोय. तू फोनवर ‘हो हो’ म्हणतेस आणि मागून पायऱ्यांचा आवाज येतो. मी अजून बहिरा झालेलो नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण तुझा फोन स्वयंपाकघरात, आणि बारकी दिवसभर तिथेच टेबलाशी बसलेली असते असं तूच म्हणालीस. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलणार? शिवाय लिहिलेलं खोडता येतं. या पानावर तुला चार ठिकाणी खोडलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

पोरीला ठेवून घेतलंस, फार बरं केलंस. इथे दारावरून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावतो. जेवते का नीट? तिला आग्रह केलेला चालत नाही. ताट समोर ठेवायचं आणि आपण दुसऱ्या खोलीत निघून जायचं, मग जेवते. लहानपणापासून असंच. बारकी म्हणता म्हणता माझ्याएवढी ताडमाड झाली, पण ही सवय तशीच आहे.

तिने तुला किती सांगितलंय ते मला माहीत नाही, म्हणून काय झालं ते सरळ लिहितो. गेल्या महिन्याच्या बारा तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास, ती तिच्या नव्या गाडीतून जुन्या टपाल कचेरीच्या रस्त्याने येत होती. नवी म्हणजे तिला नवी, गाडी नऊ वर्षांची आहे. रस्त्याच्या कडेला दोन टेम्पो उभे होते. त्यांच्या मधून एक बाई एकदम रस्त्यावर आल्या. हातात कपड्यांचं गाठोडं. शिवणकाम करतात, शिवलेले कपडे पोचवायला निघाल्या होत्या. गाडीच्या उजव्या आरशाचा फटका त्यांना बसला. त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. बारकी घाबरली आणि न थांबता निघून आली. झालं ते एवढंच. वीस-पंचवीस मिनिटं बाई रस्त्याच्या कडेला बसून होत्या म्हणे, मग एका फळवाल्याने दवाखान्यात नेलं.

सापडली कशी, तर माझ्यामुळे. आरसा तुटून रस्त्यातच पडला होता. त्याच्या कोपऱ्यात छोटा गोल आरसा चिकटवलेला. मागच्या चाकाजवळचं दिसावं म्हणून मी तो ओळखीच्या प्रत्येक गाडीला चिकटवतो, तुझ्या जावयाच्या गाडीलाही चिकटवलाय. ठाण्यातला हवालदार माझाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा हातात घेऊन दारात हजर. म्हणाला, ‘मास्तर, असे आरसे गावात तुम्हीच लावता.’ बारकी आतून आली आणि तिने लगेच कबूल केलं. गाडी मी चालवत होते, मी एकटीच होते, घाबरून निघून आले. त्याने लिहून घेतलं, तिने सही केली. जामीन झाला. सुनावणी चोवीस तारखेला.

आता कायद्याचं सांगतो, कारण तू विचारशीलच. आपल्या वकीलबाई माझ्याकडेच गाडी शिकल्या. रिव्हर्सच्या परीक्षेत तीनदा नापास, पण कोर्टात एकदम सरळ चालतात. त्या म्हणाल्या, ‘मास्तर, अपघाताची मला फारशी चिंता नाही. बाई टेम्पोंच्या मधून आल्या, वेग बेताचा होता. पोरगी थांबली असती, बाईंना दवाखान्यात नेलं असतं, ठाण्यात जाऊन नाव-पत्ता दिला असता, तर बहुतेक जबाबावर भागलं असतं. पण जखमी माणूस रस्त्यावर टाकून निघून जाणं हा वेगळा गुन्हा आहे. अपघातात चूक कोणाची का असेना, थांबायचं होतं आणि थांबली नाही, एवढं पुरतं.’ त्याला कैदही होऊ शकते. गाडीचा परवाना तर रद्द होईलच. आणि गाडी शिकवायच्या परवान्यासाठी तिने जो अर्ज केलाय तो, वकीलबाईंच्या भाषेत, ‘विसरा’. विमा कंपनीने हात वर केलेत ते आणखी वेगळं. गुन्हा एकदा नावावर लागला की कुठल्याही अर्जात तो लिहावा लागतो. सव्विसाव्या वर्षी, आक्का. पुढच्या सगळ्या अर्जांत.

मला म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. अपघात झाला तर काय करायचं हे मी प्रत्येक तुकडीला अकराव्या दिवशी शिकवतो. थांबा. इंजिन बंद. चारही दिवे चालू. उतरा आणि आधी माणसाकडे जा, गाडीचं मग बघा. हे मी पोरांकडून पाठ करून घेतो. आता लोक म्हणतात, मास्तरांचीच मुलगी बघा. मी मान खाली घालून ऐकून घेतो.

बारकीची आई माझ्याशी कामापुरतं बोलते. पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा ती आत झाडून काढायला गेली होती. बाहेर येऊन म्हणाली, ‘अहो, ही शेजारची सीट एवढी मागे कोणी सरकवली?’ मी म्हटलं, ठाण्यात कोणीतरी बसलं असेल. तेव्हापासून माझ्या चहात साखर कमी आहे.

असो. दहाची विद्यार्थिनी आज आलीच नाही, म्हणून एवढं लिहून झालं. साडेअकराचा येईल. बारकीला खोदून खोदून विचारू नकोस. पण आपणहून काही बोलली, अपघाताबद्दल म्हणजे, तर मला कळव. काय बोलली ते नीट कळव.

तुझा धाकटा भाऊ


ता. ११, मंगळवार
दुपारी

प्रिय आक्का,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. ‘बारकी जेवते. काही बोलत नाही. तू मला आयुष्यात एवढं लांब पत्र लिहिलेलं नाहीस, तेव्हा जे गाळलंस ते लिही.’ पस्तीस वर्षं वह्या तपासल्यास, ती खोड जायची नाही. गुडघ्यांचं मात्र तू काहीच कळवलं नाहीस.

गाळलं ते हे. मी गाडीत होतो.

हे लिहून मी उठलो, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायलो. अजून कागदावर तसंच आहे. आता पुढचं लिहितो.

गाडी तिची, म्हणून चालवत ती होती. मी शेजारी. तिला परवाना मिळून सात वर्षं झाली आणि ती माझ्यापेक्षा सफाईने चालवते, हे तिच्या तोंडावर मी कधी कबूल केलेलं नाही. पण शेजारच्या सीटवर बसलो की मी तिचा बाप राहत नाही, मास्तर होतो. आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तुला आठवत असेल, तू एकदा त्यावर भाजीची पिशवी ठेवलीस आणि भर चौकात गाडी उभी केलीस. सव्वीस वर्षं माझा पाय त्या ब्रेकपाशी आणि हात चाकापासून वीतभर लांब. शिकाऊ माणूस चुकला की मी विचार करत नाही. पाय आणि हात आपापलं काम करतात.

त्या बाई टेम्पोंच्या मधून आल्या आणि मी पाय दाबला. पायाखाली नुसती चटई. साध्या गाडीत तिथे ब्रेक कुठून असणार? हे डोक्याला माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, ब्रेक गेला. प्रत्यक्षात बारकीने तिचा ब्रेक केव्हाच दाबला होता, गाडी थांबत आली होती. मी हात घालून चाक ओढलं. बाई ज्या बाजूला पळाल्या, नेमकं त्याच बाजूला. मी गप्प बसलो असतो तर त्या पलीकडे पोचल्या असत्या आणि आम्हाला दोन शिव्या देऊन गेल्या असत्या. तो फटका माझ्या हाताने बसलाय.

गाडी थांबली. बारकीचा हात दाराच्या कडीवर होता. आणि मी म्हटलं, ‘पुढे घे.’

ओरडलो नाही, आक्का. शिकाऊ माणसाची गाडी चौकात बंद पडते, मागून हॉर्न वाजायला लागतात, त्याचे हातपाय गळतात, तेव्हा मी ज्या आवाजात म्हणतो त्या आवाजात म्हटलं. दिवसातून दहा वेळा म्हणतो. थांबू नको, पुढे घे. त्या आवाजावर माणूस डोकं चालवत नाही, क्लच सोडतो आणि निघतो. मीच तशी सवय लावलेली असते. बारकीलाही मीच शिकवलंय. तिने पुढे घेतली.

का म्हटलं असं विचारशील. मी स्वतःला रोज विचारतो. त्या क्षणी मला बाई दिसल्याच नाहीत. दिसलं ते हे, की मास्तरने चालत्या गाडीचं चाक ओढलं आणि माणूस पाडला, हे उद्या गावभर होणार. लाज वाटली. एवढ्या एका लाजेपायी.

पुलापलीकडे तिने गाडी कडेला घेतली. रडत होती. ‘बाबा, परत जाऊया.’ दोनदा म्हणाली. मी म्हटलं, आतापर्यंत लोक जमले असतील, बाईंना नेलंही असेल, तू घरी जा, मी बघतो. आणि मी उतरून बस पकडली. काय बघितलं माहीत आहे? चार वाजताचा विद्यार्थी. त्याला चढावर गाडी कशी धरून ठेवायची ते तासभर शिकवलं, आणि माझा आवाज एकदाही हलला नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, ‘गेला होतात का?’ मी म्हटलं, सकाळी जाऊ. सकाळी हवालदारच आला. तो आरसा बघून ती मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही होतात म्हटलं तर तुमचा शिकवायचा परवाना जाईल, स्कूल बंद होईल. माझं काय, मी दुसरं काही बघेन.’ आक्का, मी बाप आहे. मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘बघ तुला काय योग्य वाटतं ते.’ ती बाहेर जाऊन ‘मी एकटीच होते’ म्हणाली, तेव्हा मी तिथेच चहाचा कप धरून उभा होतो. हवालदाराने विचारलं, ‘मास्तर, तुम्हाला यातलं काही माहीत होतं?’ मी म्हटलं, नाही. मूग गिळून बसलो म्हणायचीही सोय नाही. तोंड उघडून खोटं बोललो.

त्यानंतर जवळजवळ चार आठवडे मी स्वतःला काय काय समजावलं! स्कूलवर आमचं दोघांचं भागतं, तिसरा तो शिकवायला ठेवलेला माणूस, त्याची बायको, त्याची मुलं. बारकी तरुण आहे, हुशार आहे. आणि गाडी चालवत तर तीच होती ना! हे शेवटचं मी मनात इतक्यांदा घोळवलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

मग परवा मी त्या बाईंकडे गेलो. वकीलबाईंनी बजावलं होतं की तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. पण आरोपपत्रावर पत्ता होता आणि तो मला पाठ झाला होता. जाऊन काय बोलणार ते ठरवलं नव्हतं, म्हणून एक पँट बरोबर घेतली. खालून दोन बोटं कमी करायची म्हणून. माझी पँट! आजवर माझी पँट कोणी कमी केलेली नाही, सगळे वाढवतच आले. बाईंनी ती उभी धरली आणि म्हणाल्या, ‘अहो, ही तर तुम्हाला तोकडी आहे.’ मी म्हटलं, भाच्यासाठी हवी आहे. म्हणजे तिथेही खोटंच.

एकच खोली, खिडकीशी मशीन. मशीनवर त्यांची भाची बसली होती, नवखी. बाई शेजारी स्टुलावर, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ‘हळू. आता वळव. कापड ओढू नको, जाऊ दे.’ आणि आक्का, बोलता बोलता त्यांचा पाय खाली फरशीवर हलत होता. मशीनचं पायडल भाचीच्या पायाखाली, आणि या इकडे रिकामी फरशी दाबतायत. भाची चुकली की जोरात दाबायच्या. मी बघतच राहिलो. मी न विचारता खुर्चीवर बसलो. त्यांनी पाणी दिलं. डाव्या हाताने, सांडत सांडत.

हाताला काय झालं, असं मी विचारलं. विचारावंच लागलं. त्या म्हणाल्या, ‘गाडीने उडवलं. लागल्याचं काही नाही हो, रस्त्यात मीच एकदम आले. पण गाडी थांबली होती. मागचे लाल दिवे लागले होते. मला वाटलं, आता दार उघडेल. मी हातसुद्धा वर केला. आणि मग गेली.’ एवढं बोलून त्या जरा हसल्या. म्हणाल्या, ‘मी पोलिसांना सांगितलं, आत दोन डोकी होती. ते म्हणाले, एकच मुलगी होती, तिने कबूल केलंय. पडल्यावर असं होतं म्हणे, एकाचे दोन दिसतात. भाची म्हणते, डोळे दाखव. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचे डोळे गेले तर संपलंच. मला हाताची नाही, त्याचीच भीती वाटते.’

त्यांना दिसलं होतं ते बरोबर होतं. आणि आता त्या डोळे तपासायला जाणार आहेत, कारण मी कप धरून ‘नाही’ म्हटलं.

पँट तिथेच ठेवून आलो. घरी आलो तेव्हा बारकीची आई भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला सीट बघितली तेव्हाच कळलं. तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते.’ मग बराच वेळ आम्ही दोघांनी भाजी निवडली.

मी ठाण्यात जाणार आहे. आधी वकीलबाईंना भेटतो, त्या काय म्हणायचं ते म्हणोत. बारकीला यातलं काही सांगू नकोस. तिला कळलं तर पहिल्या गाडीने येईल आणि मला अडवेल, आणि आक्का, खरं सांगतो, कोणी अडवलं तर मी थांबेन. एवढा काही मी धीराचा नाही.

मला रागावून लिही. तू गप्प राहिलीस तर ते जास्त लागेल.

तुझा भाऊ


ता. १८, मंगळवार
सकाळ

प्रिय बारकी,

आत्याला मी आधीच लिहिलंय की पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि दुसऱ्या खोलीत निघून जायचं. ती जाईल की नाही याची खात्री नाही. दाराआड उभी असेल तर असू दे.

काल मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. गाडीत मी होतो, चाक मी ओढलं, ‘पुढे घे’ मी म्हटलं, तू परत जायचं म्हणत होतीस आणि मी तुला जाऊ दिलं नाही, आणि हवालदाराला मी खोटं सांगितलं. या क्रमाने सांगितलं. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी लगेच ऐकलं असतं. तुझं ‘नको’ ऐकायला मी एकदा फार पटकन तयार झालो होतो.

हवालदार लिहायलाच तयार नव्हता. ‘मास्तर, कशाला? केस उभी राहिली, मुलीने कबूल केलंय, तुम्ही घरी जा.’ मी म्हटलं, तू परीक्षेच्या दिवशी सिग्नल तोडला होतास आणि मी तुला नापास केलं होतं, आठवतं ना? मग कागद काढ. काढला बिचाऱ्याने. अडीच पानं झाली. मी सही करेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. तुझी आई बाहेर बाकावर बसली होती. बाहेर आलो तर म्हणाली, ‘किती वेळ लावलात.’ मला वाटलं, ठाण्यातल्या वेळाबद्दल म्हणते. घरी येताना रस्ता ओलांडायच्या वेळी तिने माझा हात धरला.

आज सकाळी हवालदार त्या बाईंकडे जाऊन आला. आत दोन माणसं होती हे त्याने पुन्हा नीट लिहून घेतलं. बाईंना सगळं कळलंय, मी कोण ते, पँटचंसुद्धा (मी त्यांच्याकडे पँट घेऊन गेलो होतो, ते आत्याला विचार). त्यांनी निरोप पाठवलाय की डोळे दाखवायला जात नाही आता, आणि त्या उंच माणसाला सांगा, पँट न्यायला स्वतः यावं, मला बोलायचंय. मला भीती वाटते आहे. जाणार आहे. वकीलबाई म्हणतात, आधी सुनावणी होऊ दे.

आता माझं काय होईल ते ऐक, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. माझ्यावर गुन्हा दाखल होईल. चालत्या गाडीचं चाक ओढल्याचा, निघून जायला सांगितल्याचा आणि पोलिसांना खोटं सांगितल्याचा. शिकवायचा परवाना काल तिथेच जमा केला. परत मिळेल असं वाटत नाही. राहिलेल्या विद्यार्थ्यांना आपला माणूस शिकवतोय, तुकडी संपली की तो दुसरीकडे जाईल. त्याने जागा बघूनही ठेवलीय, हुशार आहे. आज मला सकाळी सहाला जाग आली आणि कुठे जायचं नव्हतं. वाईट वाटतं. खूप वाटतं. तुला खोटं कशाला सांगू? पण गेल्या पाच आठवड्यांत काल पहिल्यांदा मी जेवण चवीने जेवलो.

तुझं मात्र अजून सुटलेलं नाही. वकीलबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की फार खूश होऊ नका. अपघाताचा दोष आता माझ्याकडे आला, ते बरं झालं. पण गाडी तुझ्या पायाने पुढे गेली. दुसऱ्याने सांगितलं म्हणून गेले, हे कोर्टात पूर्ण उत्तर होत नाही. सांगणारा बाप असला तरी होत नाही. न थांबल्याचा जाब तुला द्यावाच लागेल. वर ‘मी एकटीच होते’ या जबाबाखाली तुझी सही आहे. सुनावणीआधी तू स्वतः जाऊन तो जबाब बदललास, तर न्यायाधीश ते लक्षात घेतात. कैद टळू शकते, परवाना काही काळापुरताच जाऊ शकतो. नाही बदललास, तर माझा जबाब एक आणि तुझा दुसरा, आणि सरकारी वकील तुला खोटी ठरवतील. एवढं मला कळलं तेवढं मी लिहिलं.

हे वाचून तू विचारशील, ‘मग मी काय करू?’ लहानपणापासून विचारतेस आणि मी लगेच सांगतो. मला सांगायला आवडतं. मला वाटायचं, पोरगी ऐकते, म्हणजे माझं बरोबर असतं.

त्या दिवशी तुझा हात दाराच्या कडीवर होता, बारकी. मी बघितलं होतं. तुला काय करायचं ते तुला तेव्हाच माहीत होतं. मी मध्ये बोललो नसतो तर तू उतरली असतीस. तू भित्री आहेस असं तू हवालदाराला सांगितलंस आणि मी ते लिहून घेऊ दिलं. ते खरं नाही. मला माफ कर, असं लिहिणार होतो, पण ते मागायला मी समोर उभा राहिलो पाहिजे, कागद पाठवून भागणार नाही.

तेव्हा काय करायचं ते तू ठरव. यायचं तर ये, जबाब बदलायचा तर बदल, मला भेटायचं नसेल तर तसं आत्याकडे सांग. मी काही सुचवणार नाही. चोवीस तारखेला सकाळी साडेदहाला मी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर असेन. तू काहीही ठरवलंस तरी असेन. माझं नाव पुकारतील तेव्हा मी उठून सांगणार आहे की मी कोण आणि त्या दिवशी कुठे होतो.

त्या दुपारी गाडीत तुझ्याशेजारी बसलेला,
तुझा बाबा